मागून बसलेली गाडी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

साहित्य : एक स्नोमोबिल, एक मोजपट्टी, गाडीच्या टूलकिटातला पाना, एक वजनकाटा आणि तुमचं वजन ऐकून न हसणारा एक माणूस. पहिल्या चार वस्तू मिनेसोटात कुठेही मिळतात. पाचवी मिळाली नाही तर घरातला जोडीदार चालतो, मात्र न हसण्याची अट थोडी शिथिल करावी लागते.

मार्गदर्शन कोणासाठी आहे तेही सांगून टाकतो. मिनिआपोलिसच्या आसपास दोन-तीन हिवाळे काढलेल्या मराठी माणसासाठी. पहिल्या हिवाळ्यात हा माणूस थंडीला मनापासून शिव्या देतो, दुसऱ्यात सवयीने देतो, आणि तिसऱ्यात शेजाऱ्याच्या नादाने नोव्हेंबरातल्या एखाद्या शनिवारी उत्तरेकडच्या कुठल्याशा शेतकऱ्याकडून जुनी स्नोमोबिल विकत घेतो. शेतकरी पैसे मोजून खिशात घालतो, ‘तशी बरी चालते’ एवढंच बोलतो (मिनेसोटात ही स्तुतीची परिसीमा समजावी) आणि गाडी ट्रेलरवर चढवून देतो.

एक गोष्ट तो सांगत नाही, कारण त्याच्या ती लक्षातही नसते. गाडी गेली तरी त्याचं वजन तिच्यात मुक्कामाला राहिलेलं असतं. समजा हा गृहस्थ 280 पौंडांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने 127 किलोचा. मागच्या स्प्रिंगा त्याने स्वतःला सोसतील अशा ताणून ठेवल्या होत्या. आता त्या सीटवर 64 किलोचा, दुपारी डबा खाणारा सॉफ्टवेअर इंजिनियर बसला. पहिल्याच उंचवट्यावर एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरावा तशी त्याची गत होते. उलटही घडतं. गाडी एखाद्या किडकिडीत कॉलेजकुमाराची असते आणि घेणारा असतो तीन दिवाळ्यांचा फराळ अंगी लावलेला सद्गृहस्थ. मग गाडी मागून बसते, पुढून नाक वर करते, आणि वळणावर हँडल कितीही फिरवलं तरी सरळ झाडाच्या दिशेने निघते. दोन्ही वेळा दोष गाडीला मिळतो. मोजपट्टी काढायचं कोणालाच सुचत नाही.

कोऱ्या गाडीचीही कथा फार वेगळी नाही. कारखान्याने कोणीतरी मध्यम वजनाचा माणूस मनात धरलेला असतो. तो मध्यम माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

आत काय आहे

गाडीच्या मागच्या अर्ध्या भागाखाली पत्र्याचा एक बोगदा असतो. त्याला टनेलच म्हणतात. त्यात रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, फिरतो. पट्ट्याच्या आत वाकून पाहिलंत तर अॅल्युमिनियमचे दोन लांब रूळ दिसतील. त्यांच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि रबरी पट्टा त्यांच्यावरून घसरत फिरतो. या पट्ट्यांना वंगण बर्फाचंच. म्हणून उघड्या डांबरावर किंवा निव्वळ काचेसारख्या बर्फावर गाडी पळवली की त्या तापून वितळतात, आणि तो वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही.

हे रूळ पुढच्या आणि मागच्या अशा दोन हातांनी टनेलला टांगलेले असतात. दोन्हीकडे शॉक असतो. मागच्या हाताशी डावी-उजवीकडे दोन जाडजूड स्प्रिंगा गुंडाळलेल्या दिसतात. बॉलपेनातली स्प्रिंग लांबीत दबते, या दबत नाहीत, पिळल्या जातात. त्यांच्या गुंडाळीतून दोन टोकं बाहेर येतात. गाडीवर भार आला की ती एकमेकांच्या संदर्भात फिरतात आणि स्प्रिंग पिळवटून विरोध करते. ट्रेल गाड्यांमध्ये हीच रचना सर्वाधिक दिसते. पर्वतावर चढणाऱ्या गाड्यांत आणि काही महागड्या गाड्यांत शॉकभोवतीच स्प्रिंग किंवा हवेचा शॉक असतो. त्यांचे मालक श्रीमंत असतात, त्यांनी स्वतंत्र मार्गदर्शक नेमावा.

जुन्या मंडळींना ही चैन नव्हती. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलियसनने 1924 मध्ये नावेचं इंजिन बसवून बर्फावर चालणारी मोटार-टोबोगन बनवली. क्वेबेकमधल्या व्हालकूरच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांची सात माणसांची बी-7 ही 1930 च्या दशकातली, आणि त्यांची एकट्या-दुकट्याने चालवायची हलकी स्की-डू 1959 मधली. 1960 च्या मार्चमध्ये मिनेसोटातल्या रोझो गावच्या पोलारिस कंपनीचे एडगर हेटीन साथीदारांना घेऊन अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत हजाराहून अधिक मैल हिंडून आले. गाडीवर भरवसा ठेवता येतो हे लोकांना पटवायचं होतं. त्या गाडीला आजच्या अर्थाने सस्पेन्शन नव्हतंच. चालवणाऱ्याचा कणा हीच एक स्प्रिंग, आणि ती पाना लावून ताणता येत नसे.

पायरी पहिली : खरं वजन

ही पायरी सर्वात अवघड आहे. पुढचं सगळं अर्ध्या तासाचं काम आहे.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सवर वजन छापलेलं असतं. ते कोणी मोजत नाही. तुम्ही सांगता, खिडकीतली बाई लिहून घेते आणि पुढची कित्येक वर्षं तुमचं वजन सरकारी शिक्क्यासह कायम राहतं. पुरुषांच्या डोक्यात आणखी एक वजन असतं, लग्नाच्या वेळचं. तिसरं वजन सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधी, बाथरूमच्या काट्यावर, एक पाय किंचित उचलून मिळवलेलं. स्प्रिंगेला यांपैकी एकही आकडा उपयोगाचा नाही.

तिला हवं असतं ते दुपारी दोनचं, ट्रेलवरचं वजन. तेव्हा गाडीवर बसताना घालता ते सगळं घाला. आतले गरम कपडे, त्यावर खांद्याला पट्टे असलेली जाड विजार, जाकीट, बूट, हातमोजे, हेल्मेट. एवढ्यानेच आठ-दहा किलो सहज वाढतात. मग पाठीवरची पिशवी. तिच्यात पाण्याची बाटली, इंजिनाचा जादा पट्टा, टॉर्च, आणि मराठी माणूस असेल तर धपाटे, शेंगदाण्याची चटणी व ‘लागलं तर असू दे’ या सदरातल्या सहा वस्तू. सगळं अंगावर चढवून काट्यावर उभे राहा. आकडा दिसत नसेल, म्हणजे हेल्मेटची हनुवटी आड येत असेल, तर दुसऱ्याला वाचायला सांगा. तो मोठ्याने वाचेल. त्याला इलाज नाही.

टाकीचाही विचार करा. 40 लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास 30 किलो. पूर्ण भरलेली आणि तळाशी आलेली टाकी यांत एका शाळकरी मुलाइतका फरक पडतो. म्हणून निघताना जेवढं भरता तेवढंच भरून माप घ्या. मागच्या रॅकवर जादा कॅन बांधणार असाल तर तोही बांधा. रॅक मागच्या टोकाला असल्यामुळे तिथला एक किलो सीटवरच्या किलोपेक्षा गाडीला जास्त वाकवतो.

आणखी एक. थँक्सगिव्हिंगपासून संक्रांतीपर्यंत मिनेसोटातल्या मराठी घरांत काय-काय शिजतं ते मला ठाऊक आहे. नोव्हेंबरात केलेलं ॲडजस्टमेंट जानेवारीअखेर पुन्हा तपासा. गाडी तीच राहते.

पायरी दुसरी : बसकण मोजा

आधी गाडी उबदार गॅरेजमध्ये आणून वितळू द्या. मागच्या सस्पेन्शनमध्ये बर्फ ठासून भरलेला असतो. रात्रभर तो गोठला की सगळे सांधे जखडतात, आणि माप असं येतं की वाटावं आपण पिसासारखे आहोत. अशा मापावर खूश होऊन झोपी गेलेले लोक पाहिले आहेत.

जमीन सपाट हवी. मागचा बंपर दोघांनी धरून एवढाच वर उचला, की सस्पेन्शन पूर्ण सुटं होईल आणि ट्रॅक जमिनीला जेमतेम टेकलेला राहील. उचलताना गुडघ्यात वाका. अशा गाड्या सव्वादोनशे-अडीचशे किलोच्या असतात, मोठ्या टूरिंग गाड्या त्याहून बऱ्याच जड. कमरेत वाकून उचलणाऱ्याला पुढच्या पायऱ्यांची गरज उरत नाही, त्याचा हंगाम तिथेच संपतो. या स्थितीत बंपरच्या एका ठरलेल्या बिंदूपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून लिहा. बिंदूवर खडूची खूण करा, नाहीतर दुसऱ्या वेळी हमखास दुसराच बिंदू सापडतो.

आता गाडी हळूच खाली सोडा. सगळा सरंजाम अंगावर घेऊन सीटवर बसा, नेहमी बसता तसे, फोटोसाठी बसता तसे नव्हे. दोन-तीनदा अंगाने हलके हिसके द्या म्हणजे सांध्यांतलं घर्षण सुटून गाडी खऱ्या जागी येते. मग दुसऱ्याने पुन्हा तेच अंतर मोजायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलंत की गाडी किती बसली ते कळतं.

या टप्प्यावर संवाद साधारण असा होतो.

“किती?”

“सव्वाचार इंच.”

“पट्टी तिरकी धरली असशील.”

“पट्टी सरळ आहे. सव्वाचार.”

“मी जरा धाडकन बसलो ना.”

“मग ऊठ, आणि हळू बस.” (शांतता.) “आता साडेचार.”

इथे वाद घालू नये. दुसऱ्यांदा बसताना घर्षण आणखी सुटतं, त्यामुळे माप थोडं वाढणं अगदी स्वाभाविक आहे. हे शास्त्रीय कारण जोडीदाराला समजावून सांगायचा प्रयत्नही करू नये.

मापाचा अर्थ सोपा आहे. स्की-डूच्या माहितीपुस्तिकांत 50 ते 75 मिलिमीटर, म्हणजे दोन ते तीन इंच, ही बसकण योग्य मानली आहे. त्याहून जास्त बसली तर स्प्रिंग तुमच्या मानाने नरम पडते, कमी बसली तर कडक. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत निराळा आकडा असेल तर तो पाळा, माझा नको. पुस्तिका सीटखाली किंवा समोरच्या कप्प्यात असते. जुन्या मालकाने ती उघडलेलीच नसल्यामुळे नवीकोरी सापडते.

साडेचार इंच म्हणजे 114 मिलिमीटर. म्हणजे तुम्ही बसताक्षणीच उंचवट्यांसाठी ठेवलेल्या पल्ल्यातला मोठा तुकडा खाऊन टाकला. उरलेल्या पल्ल्यात गाडीने खड्डे झेलायचे, आणि ती झेलत नाही. तळाला आपटते.

पायरी तिसरी : पाना चालवा

स्प्रिंगेच्या एका टोकाखाली एक छोटा ठोकळा असतो. त्याला कॅम म्हणतात. त्याचं भोक मधोमध पाडलेलं नसतं, मुद्दाम एका बाजूला सरकवलेलं असतं. त्यामुळे त्याच्या प्रत्येक बाजूची भोकापासूनची उंची वेगळी येते. ठोकळा फिरवून जास्त उंचीची बाजू टोकाखाली आणली की स्प्रिंग आधीच थोडी जास्त पिळली जाते. काही गाड्यांत तीन पायऱ्या असतात, काहींत पाच. बऱ्याच कॅमवर आकडे कोरलेले असतात, पण चिखल, ग्रीस आणि काळ यांच्या थराखाली. फडक्याने पुसून पाहा, आणि आधी कुठल्या आकड्यावर होता ते कागदावर लिहा. मोबाइलमध्ये नको. थंडीत मोबाइल बंद पडतो, कागद पडत नाही.

गाडीवरून उतरा. बसलेल्या अवस्थेत कॅम फिरवू पाहणारे वीर आहेत, त्यांची मनगटं वेगळी. टूलकिटातला पाना कॅमवर बसवा आणि एकेक पायरी वर न्या. डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही बाजू सारख्या ठेवा, निदान सुरुवातीला. पान्याच्या वाटेत तोंड, हात, गुडघा असं काही ठेवू नका. सर्वात वरची पायरी ओलांडली तर काही कॅम खाडकन सर्वात खालच्या पायरीवर कोसळतात. स्प्रिंग त्या क्षणी मोकळी होते आणि पाना तुमच्या हातून स्वतंत्र होतो.

एक पायरी वाढवली की पुन्हा दुसरी पायरी गिरवा : उचला, मोजा, बसा, हिसके द्या, वाद घाला, मोजा. दोन ते तीन इंचांत आलात की थांबा. इथे थांबणं मराठी माणसाला जड जातं. ‘आलंच आहे तर अजून एक वाढवून ठेवू, पुढे लागेल’ हा विचार तांदूळ भरताना ठीक आहे. स्प्रिंगेच्या बाबतीत त्याचं फळ असं की मागचा भाग उंच राहतो, भार पुढच्या स्कींवर जातो, हँडल दगडासारखं जड होतं, आणि संध्याकाळी खांदे उचलायला दुसरा माणूस लागतो.

चौथी पायरी नाही, पण एक गैरसमज आहे

कॅम फिरवल्यावर लोक म्हणतात, ‘स्प्रिंग कडक केली.’ असं काही होत नाही. स्प्रिंगेचा कडकपणा तिच्या तारेत असतो : तारेची जाडी, गुंडाळीचा व्यास, वेढ्यांची संख्या. कॅमने फक्त सुरुवात बदलते. स्प्रिंग आधीच थोडी पिळून बसते, त्यामुळे गाडी उंच राहते. पण त्या उंचीवरून पुढे तिला आणखी एक इंच दाबायला लागणारं बळ जवळपास पूर्वीइतकंच.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. वजनाचा फरक दहा-पंधरा किलोंचा असेल तर कॅम पुरतो. पण 64 किलोच्या माणसाच्या स्प्रिंगेवर 110 किलोचा माणूस बसला तर कॅम सर्वात वर नेऊनही भागत नाही. उभी गाडी दिसायला ठीक दिसेल, माप कदाचित जेमतेम बसेल, पण पहिल्या मोठ्या उंचवट्यावर तीच तार, तोच कडकपणा, आणि तोच आपटा. अशा वेळी तार बदलावी लागते. फार जाड लागत नाही. पिळल्या जाणाऱ्या स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून 10 मिलिमीटरची तार 11 ची केली तर डोळ्याला फरक दिसणार नाही, स्प्रिंग मात्र सुमारे 46 टक्के कडक होईल. म्हणून ‘सर्वात जाड असेल ती द्या’ असं दुकानात म्हणू नये.

याच्या उलट हलक्या माणसाचं. कॅम सर्वात खाली आणला, तरी गाडी एकच इंच बसते? मग तार बारीक हवी. वजन वाढवून हा प्रश्न सोडवता येतो असं शेजारच्या आज्जी सुचवतील आणि सोबत बटाटा, मटण आणि चीजचं एक मोठं भांडं पाठवतील. भांडं ठेवून घ्या, सल्ला सोडून द्या.

ज्याला हात लावायचा नाही

तुम्ही गॅरेजचं दार उघडं ठेवून काम करत असाल तर एव्हाना तीन पुरुष जमले असतील. मिनेसोटात हे आपोआप होतं. ते मदत करत नाहीत, खिशात हात घालून उभे राहतात, आणि थोड्या वेळाने एक जण म्हणतो, ‘मी असतो तर लिमिटर स्ट्रॅप एक भोक आवळला असता.’

लिमिटर स्ट्रॅप म्हणजे पुढच्या हाताला किती खाली उघडू द्यायचं ते ठरवणारा पट्टा. तो आवळला की स्कींवर भार वाढतो आणि गाडी वळणाला चिकटून जाते. सैल केला की वेग देताना पुढचा भाग सहज उचलला जातो, जे खोल बर्फात हवं असतं आणि ट्रेलवरच्या वळणात नको असतं. दुसरा गृहस्थ पुढच्या शॉकच्या स्प्रिंगेबद्दल बोलेल. ती ताणली की ट्रॅकचा पुढचा भाग जास्त भार घेतो आणि हँडल हलकं होतं. तिसरा कपलिंग ब्लॉकबद्दल बोलेल. मागचा हात किती हालल्यावर त्याने पुढच्याला सोबत ओढायचं, हे त्या ठोकळ्यांवर ठरतं. वेग घेताना भार किती मागे सरकेल हेही त्यावरच. तिघेही बरोबर सांगत असतात. म्हणूनच त्यांचं एकाच संध्याकाळी ऐकायचं नसतं.

क्रम पाळा. आधी मागच्या स्प्रिंगा, तुमच्या वजनाला. त्या जमेपर्यंत बाकी सगळ्याची उत्तरं खोटी येतात. हँडल जड वाटतं म्हणून पुढचा शॉक ताणावा, तर खरं कारण मागे नको इतका चढवलेला कॅम निघतो. मागच्याचं नीट झाल्यावरच पुढचं, आणि एका वेळी एकच गोष्ट. लिमिटर किंवा कपलिंगला हात लावलात तर ट्रॅकचा ताणही पुन्हा तपासावा लागतो, हे ते तिघे सांगायला विसरतील.

पायरी पाचवी : चालवून पाहा

मिनेसोटात 1976 नंतर जन्मलेल्या रहिवाशाला स्नोमोबिल चालवण्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. त्याआधी जन्मलेल्यांना लागत नाही. त्यांना बर्फानेच शिकवलं असावं, किंवा ज्यांना शिकवता आलं नाही ते आता उरलेले नसावेत, असा सरकारी तर्क दिसतो. राज्यात 22,000 मैलांहून अधिक ट्रेल आहेत. त्यांतल्या बहुतेकांची देखभाल स्थानिक क्लबांची माणसं करतात, आणि रात्री मोठा यांत्रिक रंधा फिरवून ट्रेल सपाट करतात. वेगमर्यादा ताशी 50 मैल आहे. चाचणीला याहून बरीच कमी पुरते.

चाचणी सकाळी घेऊ नका. सकाळी सपाट केलेल्या ट्रेलवर कुठलीही गाडी छान चालते आणि कुठलाही मालक तज्ज्ञ ठरतो. शनिवारी दुपारी जा. शेकडो गाड्या जाऊन ट्रेलवर फूट-दोन फुटांच्या लाटा तयार झालेल्या असतात, तेव्हा स्प्रिंग काय म्हणते ते ऐका. तोच एक मैलभराचा तुकडा धरा, त्याच वेगाने जा. प्रत्येक उंचवट्यावर तळ आपटत असेल तर अजून नरम आहे. कधीच आपटत नसेल आणि सीट सतत खालून मारत असेल तर कडक आहे. दिवसभरात एखाद्या खरोखरच्या खड्ड्यात एकदा हलकेच तळ लागला, तर ते उत्तम. म्हणजे सस्पेन्शनचा पूर्ण पल्ला कामी आला. पैसे पूर्ण पल्ल्याचे दिले होते.

उंचवटा दिसला की पायफळ्यांवर थोडे उठून गुडघे सैल सोडा. पुष्कळ लोक दीड तास स्प्रिंगा जुळवतात आणि मग पोत्यासारखे बसून राहतात.

मागे कोणी बसणार असेल तर

दोघांसाठी बनवलेल्या गाडीत मागचा माणूस जवळजवळ पूर्णपणे मागच्या स्प्रिंगांवर बसतो. त्यामुळे त्याचं वजन विचारणं भाग आहे, आणि विचारण्याची कला या मार्गदर्शिकेच्या आवाक्याबाहेरची आहे. पुण्याहून हिवाळ्यात आलेल्या सासूबाईंना मागे बसवायचं असेल, तर कॅम गुपचूप दोन पायऱ्या चढवून ठेवा आणि ‘त्यांच्या आरामासाठी’ असं सांगा. हे खरंही आहे. त्या उतरल्यावर खाली आणायला विसरू नका. नाहीतर संध्याकाळी एकटे निघाल तेव्हा त्यांची अनुपस्थिती फार जाणवेल.

जाता जाता गुलमर्गबद्दल. काश्मीरच्या सहलीला गेलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबात स्नोमोबिलवरचा एक फोटो असतो : पुढे स्थानिक चालक, मागे काका, त्यांच्या मागे काकू, मध्ये कुठेतरी नातू. तिथे दिवसभरात त्याच सीटवर सगळ्या महाराष्ट्राचं वजन चढतं आणि उतरतं. तिथल्या चालकाला कॅमबद्दल प्रश्न विचारू नका. त्याला फेऱ्या मारायच्या आहेत.

शेवटची पायरी : दुकान

कॅम सर्वात वर आहे, तरी गाडी तीन इंचांपेक्षा जास्त बसते. आता सुट्या भागांच्या काउंटरवर जावं लागेल. काउंटरमागचा माणूस मान वर न करता विचारतो, ‘वजन किती?’ मागे चार जणांची रांग असते. इथे पौंडांत सांगायचं. चुकून किलोंत ‘पंचाण्णव’ म्हणालात तर तो तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहील आणि लहान मुलांच्या गाडीची स्प्रिंग काढू लागेल. पौंडांत सांगितलंत तरी तो पाहीलच. पुष्कळ वर्षांच्या अनुभवाने तो तुमच्या आकड्यात मनातल्या मनात वीस मिळवतो आणि त्या हिशेबाने तार निवडतो. त्याला दुरुस्त करू नका, तो बहुधा बरोबर असतो. मात्र हेल्मेट, कपडे आणि पिशवी धरून आकडा सांगितला असेल, तर तसं स्पष्ट बोला. नाहीतर तेच दहा किलो दोनदा मोजले जातील आणि तुम्ही पुन्हा त्या 280 पौंडांच्या शेतकऱ्याच्या गाडीवर बसाल.

पैसे देण्यापूर्वी खोकं उघडून पाहा. डावी आणि उजवी स्प्रिंग सारखी नसते. दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेने गुंडाळलेल्या असतात, आणि डावी उजवीकडे कितीही समजूत घातली तरी बसत नाही. खोक्यात दोन डाव्या निघाल्या तर तिथेच बदलून घ्या. घरी पोहोचून कळलं तर दुकान सोमवारशिवाय उघडत नाही, आणि बर्फ शनिवारी पडतो.